कसलीही सवय नाही

समोरच्या टेबलावरच्या गिरिधरपंतांनी जांभई दिली आणि ताराचंदच्या हातातला चहा बशीत सांडला. जांभईत तसं नवल काही नव्हतं. मे महिन्यातली दुपार, जेवणाचे डबे नुकतेच बंद झालेले, खिडकीतला कूलर ओल्या वाळ्याचा वास आणि अर्धामुर्धा गारवा खोलीत ढकलतोय. अशा वेळी नागपूरच्या सरकारी कचेरीत जांभई न देणारा माणूस म्हणजे एकतर नवा लागलेला, नाहीतर वरच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला. गिरिधरपंतांनी रोजच्यासारखी टाळूपर्यंत दिसेल अशी जांभई दिली, तोंडासमोर चुटकी वाजवली आणि पुढची फाईल ओढली. त्या चुटकीसरशी ताराचंदला सकाळच्या जांभया आठवल्या. धंतोलीतल्या नर्सिंग होममध्ये खिडकीजवळच्या खाटेवर बाबा एकामागून एक जांभया देत होते. एक संपते न संपते तोच दुसरी, जबडा निखळेल अशी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि दर जांभईनंतर ओशाळून दुपट्ट्याचं टोक तोंडावर धरणं. ‘रात्री झोप झाली नसेल,’ असं तो प्रेमिलाला म्हणाला होता आणि हजेरीवर सही करायला म्हणून निघून आला होता. प्रेमिलानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको नुसती पाहते तेव्हा ती काय म्हणते हे नवऱ्याला कळतं, आणि कळत नाही असं दाखवायलाही तो शिकलेला असतो.

ती जांभई त्याच्या चांगली ओळखीची होती. कुहीकडच्या त्यांच्या गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी बाबांची गोळी संपलेली असायची आणि आणायला गेलेला माणूस उशीर करायचा, तेव्हा धानाच्या कोठीजवळ बसून बाबा अशाच जांभया द्यायचे. आई, गोपिकाबाई, मग चुलीपुढून उठायची, दारात जाऊन रस्ता बघून यायची आणि पोराला म्हणायची, ‘बाबाशी बोलू नको आता. वेळ टळून राहिली त्याहीची.’ घरात अफू हा शब्द कुणी उच्चारत नसे. दवा म्हणत, गोळी म्हणत, नाहीतर नुसतं ‘वेळ’. बाबांच्या अंगावरून एकदा भरल्या बंडीचं चाक गेलं होतं; कंबर कायमची गेली, वैद्यानं दुखण्यावर अफू सुरू केली, दुखणं राहिलं आणि अफूही राहिली. पुढे सरकारी पासावर मिळू लागली. आई बोट ओलं करून गोळी वळायची. ताराचंदच्या लहानपणी ती ज्वारीच्या दाण्याएवढी होती, तो मॅट्रिक झाला तेव्हा तुरीच्या दाण्याएवढी. गोळी घेतली की थोडा गूळ, वर दूध, आणि मग कंबर मोडलेला तो माणूस धानाच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर ओणवा राहू शकायचा. त्याच रोवणीवर ताराचंद शिकला. हे त्याला कुणी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तर ते विसरणं इतकं सोपं गेलं.

चहा तसाच ठेवून त्यानं टेबलाचा खण ओढला. टाचण्यांच्या डब्यामागे ती चपटी पितळी डबी होती. परवा एस.टी. स्टँडवर बाबांना दोन माणसांनी धरून उतरवलं, जांघेत उतरलेलं आतडं अडकून बसलेलं, चेहरा मातीसारखा, आणि तशातही त्यांनी आधी हीच डबी कमरेतून काढून त्याच्या हातात दिली. ‘हे डॉक्टरले दाखवजो बरं,’ ते म्हणाले होते. ‘हे बंद झालं का मी बी बंद झालो, असं सांगजो त्याले.’ हो, असं तो म्हणाला होता. म्हणतानाच त्यानं ती खिशात खोल सारली होती, आणि काल कचेरीत आल्यावर खणात. घरी ठेवली असती तर प्रेमिलानं ती नर्सिंग होममध्ये नेली असती, म्हणून खणात.

सगळं परवा डॉक्टरांनी विचारलेल्या एका प्रश्नापाशी अडलं होतं. डॉक्टर वसंतराव त्यांच्याच कॉलनीतले. त्यांच्या व्हरांड्यात गणपतीच्या आरतीला ताराचंदला दरवर्षी बोलावणं असे, त्यांच्या पत्नी सुमतीबाई प्रेमिलाला ‘प्रेमिलाताई’ म्हणत. कुहीकडून आलेल्या कारकुनाला त्या व्हरांड्याच्या पायऱ्या चढायला बरीच वर्षं लागली होती. परवा संध्याकाळी बाबांचं पोट तपासता तपासता डॉक्टर म्हणाले, ‘बद्धकोष्ठ फार जुनं दिसतंय. त्या कुंथण्यानंच हे उतरलं.’ ताराचंदला आठवलं, गावी पहाटे लोटा घेऊन गेलेले बाबा ऊन चढल्यावर परत यायचे, आणि गावातले लोक हसून म्हणायचे, शालिकरामभाऊ शेताची मोजणी करून आले. अफू आतडी सुस्त करते हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ‘गावाकडचं खाणं, डॉक्टर,’ तो म्हणाला. आणि मग डॉक्टरांनी सहज विचारलं, ‘दारू, तंबाखू? झोपेच्या गोळ्या? अफू-बिफू? रागावू नका, ऑपरेशनच्या आधी विचारावं लागतं.’ सुमतीबाई थर्मास घेऊन दारातच उभ्या होत्या. ताराचंद हसला. छे हो, असं म्हणाला. ‘कसलीही सवय नाही. सुपारीचं खांडसुद्धा नाही.’ खाटेवरून बाबांनी त्याच्याकडे मान वळवली, थोडा वेळ पाहिलं, आणि मान परत छताकडे केली.

का म्हणालो आपण? सुपारीचं खांड तरी कशाला मध्ये आणलं? खोटं बोलणाऱ्याला नुसतं खोटं पुरत नाही, त्याला ते नटवावं लागतं. होस्टेलवर असताना बाबा एकदा नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन भेटायला आले होते. तास संपेपर्यंत बाकावर बसले, बसल्या बसल्या पेंगले, पेंगता पेंगता एकसारखं नाक खाजवत राहिले. अफूनं अंगाला खाज सुटते, नाकाच्या शेंड्याला जास्त. खोलीतल्या पोरांनी बाबांची नक्कल केली, मान लुडकवून, नाक खाजवून, आणि कुणीतरी म्हणालं, ‘पक्का अफीमची दिसतो रे.’ ताराचंदही हसला होता. मोठ्यानं, इतरांपेक्षा थोडा जास्तच. तेव्हापासून तो हे एक झाकत आला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं लोक म्हणतात. पण मूठ त्याची आणि त्यात चिरडलेला माणूस दुसराच, असा हा प्रकार होता.

ऑपरेशन त्याच रात्री नीट झालं. मग दुखणं सुरू झालं. पहिल्या दिवशी जे इंजेक्शन दिलं त्याचा बाबांवर काही परिणामच होईना. नर्स सत्यवतीबाई म्हणाल्या, ‘एवढ्या दवाईत बैल झोपला असता बाप्पा, तुमचे बाबा तं टुकुरटुकुर पाहून राहिले.’ ताराचंद तेव्हाही बाजूलाच उभा होता. ज्याच्या अंगात वर्षानुवर्षं अफू मुरली आहे त्याला तेवढ्या औषधानं काय होणार? हे त्याला कळत होतं. कळूनही त्यानं उशी सरळ केली. आज सकाळी डॉक्टर उत्साहानं म्हणाले होते, ‘आता हे नवीन निघालंय ते देऊ. दुखणं थांबवतं आणि सवयही लागत नाही.’ सवय लागत नाही हे शब्द ऐकून ताराचंदला उगाच बरं वाटलं होतं. जणू ते औषध त्याच्याच बाजूचं होतं. आणि बाबा जांभया देत होते, आणि तो सही करायला निघून आला होता.

डबी खिशात टाकून तो उठला. ‘वडिलांकडे जाऊन येतो,’ असं गिरिधरपंतांना सांगितलं. गिरिधरपंत म्हणाले, ‘जा, जा, बापापेक्षा कचेरी मोठी नाही,’ आणि त्यांच्या मनात काही नसताना ताराचंदला ते लागलं. कानाला रुमाल बांधून त्यानं सायकल काढली. सदऱ्याच्या खिशात प्रेमिलानं ऊन लागू नये म्हणून घातलेला कांदा होता, त्याच खिशात डबी. पायडल मारताना दोन्ही एकमेकांवर आपटत होते. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून बर्डीच्या उताराला लागेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच विचार पक्का होत गेला. कुणाला सांगायची गरजच काय? गुपचूप एक गोळी बाबांच्या जिभेखाली ठेवायची. बाबा शांत होतील, डॉक्टरांच्या औषधाला यश येईल, सुमतीबाई प्रसादाला बोलावतील. इतका सोपा उपाय आधी कसा सुचला नाही, असं त्याला वाटलं. उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि चाकं त्याला चिकटत होती. नवीन औषध आणि गोळी पोटात एकत्र गेली तर काय होईल, हा प्रश्न मध्येच डोकं वर काढी; तो जोरानं पायडल मारी.

प्रेमिला व्हरांड्यातच भेटली. तिचा पदर ओला होता. ‘कोठी होते तुम्ही?’ ती म्हणाली. ‘ते नवं इंजेक्शन दिलं आन् सगळं उलटंच झालं. बाबा पाहा कसे करून राहिले.’ तो आत गेला. एवढ्या उकाड्यात बाबांच्या अंगावर काटा उभा होता, पिसं काढलेल्या कोंबडीच्या कातडीसारखा. घामानं चादर भिजली होती. पाय आपोआप झटकले जात होते, पोटात मुरडा येई तशी त्यांची मूठ टाक्यांवर जाई आणि तिथल्या तिथे थांबे, दाबायचीही सोय नाही. ओकारीनं भांडं भरलं होतं. पण ताराचंद घाबरला तो त्यांचे डोळे पाहून. लहानपणापासून बाबांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या त्याला मोहरीच्या दाण्याएवढ्याच ठाऊक होत्या. वेळ झाली की नाही ते तो त्यांवरूनच ओळखायचा. आता त्या सगळ्या डोळाभर पसरल्या होत्या, आणि त्या काळ्या डोळ्यांनी बाबा त्याच्याकडे पाहत होते. एक आवाज नाही. कण्हण्याचासुद्धा नाही. शेजारच्या खाटेवरचा रोगी नुसत्या ड्रेसिंगला देवाचा धावा करत होता आणि हा माणूस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात पडला होता.

‘पाणी आण थोडं,’ असं सांगून त्यानं प्रेमिलाला बाहेर पाठवलं. डबी उघडली. तो ओळखीचा कडवट, जमिनीचा वाटावा असा वास आला आणि बाबांच्या नाकपुड्या हलल्या. त्यानं गोळी मोडून त्यांच्या ओठांपाशी नेली.

‘डॉक्टरले इचारलं काय?’ बाबा म्हणाले. दात वाजत असल्यामुळे शब्द तुटत होते.

‘नाही.’

‘मंग ठेव.’

‘बाबा, घ्या. कोणाले समजत नाही.’

बाबांनी ओठ मिटले. रुसलेला माणूस मिटतो तसे नव्हे. लहान मूल औषधाला मिटतं तसेही नव्हे. ज्याचा हुकूम नाही ते घ्यायचं नाही, इतकंच त्यात होतं. ‘पोटात काही राहत नाही आता,’ ते म्हणाले, जणू नकाराला काही कारण दिलं म्हणजे पोराला वाईट वाटणार नाही. आणि तेवढ्यात सत्यवतीबाई ट्रे घेऊन आल्या. त्यात भरलेली सुई होती. ‘साहेबांनी तेच इंजेक्शन अजून एक द्यायले सांगितलं आहे. पहिल्यानं दुखणं गेलं नाही म्हणे.’

ताराचंदची मूठ डबीवर मिटली. सुई कापसाजवळ होती, बाई बाबांची बाही वर सारत होत्या, आणि बाबा, सगळं शरीर नको म्हणत असताना, आपला दंड स्वतःच पुढे करत होते. पोरगा काही बोलत नाही म्हणजे हेच बरोबर असेल, असं तो दंड सांगत होता. ‘थांबा,’ ताराचंद म्हणाला. ‘मी डॉक्टरांशी बोलून येतो. तोवर देऊ नका.’

डॉक्टरांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. तेवढ्या अंतरात माणसाला खरं बोलायची तयारी करता येते, ताराचंदनंही केली. वाक्य जुळवत तो चालला. दारात पोचला तेव्हा वाक्य तयार होतं, नीट घडी घातलेलं, आणि ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्याचं त्यालाच कळेना की मध्येच ते कधी बदललं. ‘डॉक्टर, आत्ताच कळलं. गावाहून निरोप आला. बाबा अफू घेत होते. पुष्कळ वर्षांपासून. आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती, लपवून घ्यायचे.’

वसंतराव खुर्चीवरून ताडकन उठले. सत्यवतीबाईंना हाक मारून त्यांनी आधी ते इंजेक्शन थांबवलं. मग खाटेकडे भराभरा जाताना त्याला समजावत गेले. अंगात मुरलेली अफू जिथे बसलेली असते तिथून हे नवीन औषध तिला ढकलून देतं, आणि स्वतः तिच्याएवढं काम करत नाही. सवय नसलेल्याला उत्तम. सवय असलेल्याला मात्र एका सुईत त्याची सगळी अफू ओरबाडून काढल्यासारखं होतं. ‘दुसरं दिलं असतं तर ओकून ओकून टाके उसवले असते म्हाताऱ्याचे,’ ते म्हणाले. ‘आता पहिल्या दिवशीचंच इंजेक्शन देतो, पण त्यांना लागेल तेवढं. आणि हे पाहा, त्यांच्याजवळ काही गोळ्या असतील तर काढून घ्या. वरून त्याही पोटात गेल्या आणि इंजेक्शनचाही अंमल चढला, तर श्वास मंदावत मंदावत थांबायचा. झोपला आहे असं वाटतं आणि माणूस गेलेला असतो.’ ताराचंदचा हात खिशावर होता. तो हात त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. हो डॉक्टर, असं तो म्हणाला.

दुपार कलेपर्यंत बाबांचे पाय थांबले. काटा बसला. सत्यवतीबाई शेजारी स्टूल टाकून त्यांच्या छातीकडे लक्ष ठेवून बसल्या होत्या. प्रेमिलानं चादर बदलली, चेहरा पुसला. ताराचंदनं भांडं धुऊन आणलं, आणि ते धुतलेलं भांडं कुठे ठेवावं ते न सुचून हातात घेऊन उभा राहिला. ‘डॉक्टरले सांगितलं तुम्ही,’ प्रेमिला हळूच म्हणाली. ‘बरं केलं.’ तिला वाक्याचा दुसरा अर्धा भाग माहीत नव्हता. सांगून टाकावा असं त्याला वाटलं, आणि वाटतच राहिलं. आपण खरं सांगितलं ना? बाबांचा जीव वाचला ना? मग उरलेलं काय एवढं मोठं आहे, असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होता. ज्याला उत्तर नको असतं तो माणूस एकच प्रश्न असा पुन्हा पुन्हा विचारतो.

ऊन उतरल्यावर डॉक्टर फेरीला आले, बरोबर सुमतीबाईही होत्या, घरी जाता जाता डोकावलेल्या. बाबा जागे होते. डोळ्यांतल्या बाहुल्या पुन्हा बारीक झाल्या होत्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली, टाके पाहिले, आणि काळजी मिटल्यावर डॉक्टरांना जो राग येतो तो त्यांना आला. ‘काय बाबा,’ ते म्हणाले, ‘एवढी वर्षं अफू खाता आणि घरच्यांना पत्ता नाही? पोटच्या पोरापासून लपवायचं? आज जीव गेला असता तुमचा. या बिचाऱ्यानं परवा माझ्यासमोर छातीठोकपणे सांगितलं, वडिलांना सुपारीचंही व्यसन नाही. केवढा विश्वास त्याचा तुमच्यावर.’ सुमतीबाईंनी ‘अगं बाई’ म्हटलं आणि ताराचंदकडे कणवेनं पाहिलं. शेजारच्या खाटेवरचा रोगी कोपरावर उठून ऐकू लागला. प्रेमिलाच्या हातातली चादरीची घडी अर्ध्यावर थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि या वेळी तिचं पाहणं कळत नाही असं दाखवायला त्याला जमलं नाही.

बोलावं. आत्ता बोलावं, एकच वाक्य आहे. डॉक्टर, मला माहीत होतं. ताराचंदचे ओठ हललेही. पण बाबा त्याच्याकडे पाहत होते. रागानं नाही, तोच परवाचा, मान वळवून थोडा वेळ पाहण्याचा चेहरा. आपल्या वाट्याला पोरानं काय लावलं आहे ते ते समजून घेत होते, आणि समजल्यावर त्यांनी हळूच दोन्ही हात चादरीबाहेर काढून डॉक्टरांना जोडले.

‘चुकलं साहेब,’ ते म्हणाले. ‘पोराले माईत नोतं. माईत असतं तं त्यानं तुमाले सांगतलंच असतं.’

‘बरं, आता आराम करा,’ डॉक्टर म्हणाले. जाताना त्यांनी ताराचंदच्या खांद्यावर थोपटलं. सुमतीबाई त्यांच्यामागून गेल्या. प्रेमिला घडी न घालताच चादर उचलून व्हरांड्यात निघून गेली, आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. ताराचंद खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. बाबांनी कष्टानं पाय सरकवून त्याच्यासाठी जागा केली.

‘उभा काहून हायेस? बस ना गा.’

तो बसला. बाबांनी शेजारच्या खाटेकडे एकदा पाहून घेतलं, तिकडचा रोगी आता आडवा झाला होता. मग ते ताराचंदकडे किंचित झुकले, आणि पोराला कुणासमोर खाली पाहावं लागू नये म्हणून आवाज अगदी लहान करून त्यांनी विचारलं, ‘बराबर सांगतलं ना म्या?’

‘हो,’ ताराचंद म्हणाला.